उजव्या हातातला फोन

उदगीरला देगलूर रोडवरून आत वळलं की आमची गल्ली लागते. माझ्या दारासमोर सिद्रामप्पा हुडग्याचं घर, दोन खोल्या आणि पुढं पत्र्याची पडवी. मी लिंबाजी. एसटीत ड्रायव्हर होतो, आता रिटायर. सिद्राम दालमिलमध्ये मशीनवर होता. आम्ही बौद्ध, ते लिंगायत. पण रोज संध्याकाळी एकमेकांच्या पडवीत बसून चहा प्यायची सवय लागली की असल्या गोष्टी फक्त लग्नात आणि मयतीत आठवतात. मी सांगणार आहे ती मयतीचीच गोष्ट आहे, म्हणून हे आधी सांगून टाकलं.

पण मला सांगायचंय ते सिद्रामबद्दल नाही, त्याच्या बायकोबद्दल. महादेवी तिचं नाव. माहेर नायगावचं. बाई इतकी कमी बोलायची की नवीन माणसाला मुकीच वाटावी. काहीही विचारा, 'हाव' नाहीतर 'न्हाई'. सकाळी उठून ज्वारीच्या कडक भाकरी करायच्या, शेंगदाण्याची चटणी कुटायची आणि कॉलेजच्या होस्टेलला पोरांना विकायची. कर्नाटकच्या काठावरचं हे खाणं, आठ-आठ दिवस टिकतं. पोरगा आयर्लंडला निघाला तेव्हा तिनं पिशवीभर कडक भाकरी बांधून दिल्या. हैदराबादच्या विमानतळावर वजन जास्त भरलं, तर पोरानं जाकीट काढून आमच्याकडं दिलं आणि भाकरी नेल्या. ह्या पोराचं नाव रामलिंग. एकुलता एक.

रामलिंग लातूरला इंजिनिअर झाला आणि पुढं शिकायला डब्लिनला गेला. त्यासाठी लातूरच्या एका फायनान्स कंपनीचं कर्ज काढलं, तारण समोरचं घर. बँकेनं घराची किंमत कमी धरली होती, कंपनीनं भरपूर धरली. आम्ही सगळे कंपनीवर खूश. मी एकटा म्हणालो होतो की एवढं गोड बोलणारा माणूस मला डेपोतसुद्धा कधी चांगला निघालेला आठवत नाही. माझं कोण ऐकतं?

शिक्षण झालं, पोराला ऑफिसात नोकरी लागली. पहिल्या पगारातून त्यानं बापाला मोठा फोन पाठवला. मग दर महिन्याला तो तिकडून बापाच्या खात्यात पैसे टाकायचा आणि बाप इथून कंपनीला हप्ता भरायचा. पोरानं एकदा थेट कंपनीला पाठवून बघितले होते, ते कुठल्या तरी नियमात अडकून महिनाभरानं परत आले. तेव्हापासून सिद्रामनं ठरवूनच टाकलं. म्हणायचा, "कागदावर पहिली सही माझी हाय लिंबा. पैसा माझ्याच हातून जाईल." हप्त्याच्या दिवशी आंघोळ करून, कपाळाला विभूती लावून पडवीत बसायचा. चष्मा नाकावर, ओठ हलवत एकेक बटण दाबायचा. पैसे गेल्याचा मेसेज आला की फोन कपाळाला लावायचा. मी हसायचो. तोही हसायचा.

वर्षभरानं पोराची नोकरी गेली. त्याच्या ऑफिसानं एका दिवसात निम्मे लोक काढले. त्यानं मग गोदामात खोकी उचलायचं काम धरलं. त्यात खोलीचं भाडं निघायचं, हप्ता निघेना. हप्ते थकले आणि लातूरचे वसुलीवाले यायला लागले. येऊन पडवीत खुर्ची ओढून बसायचे, पाणी मागायचे आणि गल्लीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात बोलायचे. मी एकदा त्यातल्या एकाची खुर्ची मागून उचलली, तेव्हा सिद्राम माझ्याच अंगावर आला. "त्यांचं काय चुकलं? आपण देऊन न्हाई राह्यलो," म्हणाला. घराचा ताबा घ्यायची नोटीस आली, तरी तो वसुलीवाल्याला चहा पाजायचा. माझं डोकं फिरायचं.

शेवटी कंपनीनं तडजोड मांडली. महिनाअखेरपर्यंत एकरकमी एवढे भरा, वरचा दंड माफ, कर्ज बंद, घराचे कागद परत. नाहीतर घराला कुलूप. रामलिंगनं तिकडं मित्रांकडून उसने घेतले, लॅपटॉप विकला, गोदामाच्या मालकाकडून उचल घेतली आणि होती नव्हती तेवढी सगळी रक्कम बापाच्या खात्यात टाकली. ती शनिवारी पोचली.

मी तिथंच होतो. म्हटलं, सिद्राम, आत्ता दाब ते बटण आणि मोकळा हो. तो म्हणाला, "एवढा मोठा पैसा हाय, शेवटचा हाय. सोमवारी जाऊ दे, महादेवाच्या वारी. सकाळी पूजा करून पाठवतो." मुदत अजून बरीच होती, म्हणून मी गप्प बसलो. रविवारी पहाटे त्याच्या छातीत कळ आली आणि दवाखान्यात नेईपर्यंत तो गेला.

रामलिंगला येता येईना. त्याचा तिथं राहायचा परवाना नवा व्हायला टाकलेला होता. मधेच देश सोडला तर परत घेणार नव्हते, आणि परत घेतलं नाही तर उसनवारी कशातून फेडणार? त्यानं फोनवर आईला विचारलं, "अव्वा, मी येऊ का?" ती म्हणाली, "न्हाई." 

मग त्यानं सगळं फोनवरच बघितलं. सिद्रामचाच फोन, कारण घरात चांगला कॅमेरा त्याच एका फोनला. महादेवीचा भाऊ भुजंग नायगावहून आला होता. त्यानं फोन धरला होता. आमच्याकडं जाळतात, ह्यांच्यात बसवून पुरतात. माणसाला आंघोळ घालून, विभूती लावून, मांडी घालून खड्ड्यात बसवतात आणि गळ्यातलं लिंग डाव्या हातात ठेवतात. जन्मभर ज्या हातात ठेवून पूजा केली त्याच हातात. मग मीठ, विभूती, बेलाची पानं आणि माती.

सिद्रामला बसवलं. डाव्या हातात लिंग ठेवलं. विधी करणाऱ्या स्वामींचं मंत्र म्हणणं चालू होतं आणि फोनमधून पोराचं रडणं ऐकू येत होतं. तो सारखा एकच म्हणत होता, "फोन बंद करू नको मामा, बंद करू नको." सिद्रामचा उजवा हात मांडीवर रिकामा होता. महादेवी पुढं झाली, भावाच्या हातातून फोन घेतला, वाकली आणि तो त्या उजव्या हातात ठेवला, चालू होता तसा. कुणी तिला अडवलं नाही. उलट सगळ्यांच्या डोळ्यांना धारा लागल्या. मीही रडलो. पोराला बापाजवळ नेऊन बसवलं, एवढंच तेव्हा आम्हाला दिसलं. त्यावर मीठ पडलं, पानं पडली, माती पडली.

रामलिंगनं मला नंतर सांगितलं. आधी पांढरं मीठ पडताना दिसलं, मग पानं, मग अंधार. माती पडल्याचे आवाज येत राहिले, मग तेही थांबले. तरी फोन तुटला नव्हता. तो गोदामाच्या मागच्या जिन्यात फोन कानाला लावून बसून राहिला आणि आतली शांतता ऐकत राहिला, लाईन तुटेपर्यंत. म्हणाला, "काका, मी आलो न्हाई असं म्हणू नका. मी अप्पांच्या हातात होतो."

त्यानंतर तो रोज संध्याकाळी, आमच्या इथल्या चहाच्या वेळेला, बापाच्या त्या नंबरला फोन लावायचा. फोन बंद असल्याचं ती रेकॉर्डमधली बाई सांगायची, तेवढं ऐकून ठेवायचा. ह्याला खुळेपणा म्हणा हवं तर. मला ते खुळं वाटलं नाही.

दिवस झाले, पाहुणे गेले, आणि मग त्यानं विचारलं की अप्पांनी कंपनीला पैसे कधी पाठवले? तेव्हा कुठं आमच्या डोक्यात उजेड पडला. पैसे खात्यात. खातं मेलेल्या माणसाचं. ते उघडायचं तर त्याच्या सिमवर मेसेज येणार, आणि सिम त्याच्या हातात, मातीखाली.

तुम्ही म्हणाल एटीएम होतं की. नव्हतं. कुणीतरी फोन करून कार्डाचा नंबर विचारतं आणि खातं धुऊन नेतं, असं त्यानं ऐकलं होतं, म्हणून कार्डच घेतलं नाही. दुसरं सिम काढायला मी मोबाईलवाल्याकडं गेलो. तो म्हणाला, ज्याचं सिम त्याला आणा, चेहरा दाखवावा लागतो. वारसाच्या नावावर करायचं तर आधी वारसाचे कागद. मी दुकानातच ओरडलो. त्याचा काही दोष नव्हता, पण कुणावर तरी ओरडायचं होतं.

मग बँकेत गेलो, महादेवीला घेऊन. ऋतुजा नावाची तरुण मुलगी तिथं बसते. तिला मी गोल गोल विचारलं की समजा एखादा माणूस वारला तर त्याच्या खात्याचं काय होतं. तिनं संगणकात बघितलं. सिद्रामनं वारस म्हणून आईचं नाव लावलेलं, आणि ती म्हातारी कधीच गेलेली. ते बदलायचं त्याला सुचलं नव्हतं. आता कोर्टाचा कागद लागणार, त्यावर रामलिंगची सही लागणार, ती तिकडच्या वकिलातीतून होऊन येणार. महिने लागतील. ती मुलगी आमच्याकडं न बघता हळूच म्हणाली, "काका, मयताचा दाखला माझ्या टेबलावर आला की त्या क्षणी मला खातं बंद करावं लागतं. आज तुम्ही मला काहीच सांगितलेलं नाही." आम्ही दाखला पिशवीतच ठेवून बाहेर आलो.

लातूरला कंपनीत गेलो. तिथला साहेब म्हणाला, "वाईट झालं. पण मुदत वरून येते, ती माझ्या हातात नाही." मी विचारलं, कर्जाला विमा काढला होता ना? तो म्हणाला, विमा मुलाच्या नावाचा आहे. म्हणजे पोरगा मेला असता तर कर्ज फिटलं असतं. बाप मेला, त्याचा काही उपयोग नाही. हे तो अगदी सरळ तोंडानं म्हणाला. महादेवी माझ्या शेजारी बसून ऐकत होती. परतीच्या एसटीत ती लातूरपासून उदगीरपर्यंत खिडकीबाहेर बघत होती. 

फोन उकरून काढायचा विषय पहिल्यांदा भुजंगनं काढला. माणूस वाईट नाही, पण तोंडाला लगाम नाही. म्हणाला, "उजवीकडून उकरलं तर हातच लागतंय. खोदायला माणूस बघावा लागंल एक." आणि बोलता बोलता त्याची नजर माझ्यावर आली. त्याच्या मनात काही नसेलही. पण मी भडकलो. पूर्वी गावात असल्या कामाची हाक आमच्याच वस्तीत यायची. माझ्या आज्यानं ती ऐकली. माझ्या बापानं छप्पन सालानंतर कुदळ ठेवून दिली ती ठेवूनच दिली. मी भुजंगला म्हणालो, "नजर दुसरीकडं फिरव, न्हाईतर आजपासून ह्या पडवीत बसणार न्हाई मी." तो ओशाळला, माफी मागितली. विषय तिथंच पडला असता.

पण ते रामलिंगच्या कानावर गेलंच. त्याचा फोन आला, माझ्याच फोनवर, महादेवी समोर बसलेली. तो ओरडला नाही. थंडपणे बोलला. "अव्वा, घर गेलं तर जाऊ दे. अप्पांच्या हातातून फोन काढायचा न्हाई. तुम्ही तो काढलात तर मी मेलो समजा. तुझा माझा संबंध संपला." महादेवी म्हणाली, "हाव." तिनं शब्द दिला. मी ऐकला.

पुढचे दिवस फार वाईट गेले. वसुलीवाला येऊन घराच्या भिंतीचे फोटो काढून गेला. महादेवीनं भांडी एका पोत्यात भरायला घेतली, मग परत काढून मांडली, मग परत भरली. माझी बायको नागुबाई तिला म्हणाली, आमच्याकडं येऊन राहा. तिनं मान हलवली. होस्टेलच्या भाकरी मात्र एक दिवस चुकवल्या नाहीत. भाकरी थापताना तिचे हात चालायचे आणि डोळे भिंतीकडं असायचे.

आणि मग महिन्याच्या शेवटाला एका संध्याकाळी रामलिंगचा फोन आला. मी पडवीत होतो, आवाज मोठा ठेवला होता, आत महादेवी चुलीपुढं. त्यानं आधी नेहमीसारखं विचारलं, जेवलात का, ऊन किती आहे. मग म्हणाला, "काका, इथं गोदामापासून घरी येताना नदी लागते. मी पुलावर थांबून राह्यलो आजकाल. कामावरून सुटलो की तिथंच थांबतो. लई गार वारं असतं. बरं वाटतं." मी विचारलं, कशाला थांबतोस तिथं? तो म्हणाला, "काही न्हाई काका. मित्र पैसे मागून राह्यले, मालक पगारातून कापून राह्यला, तिकडं घर जाणार. लई थकलो मी. अप्पांचं बरं झालं, त्यांना बसायला मिळालं."

फोन ठेवला. आत भाकरी थापायचा आवाज थांबला होता. मी डोकावलो. महादेवी तव्यावरची भाकरी काळी होऊ देत होती.

सकाळी भाकरी होस्टेलला पोचवून ती माझ्या दारात आली. हातात खुरपं, कनवटीला काहीतरी बांधलेलं. म्हणाली, "भाऊ, चला."

मी म्हटलं, वहिनी, तुम्ही शब्द दिलाय पोराला.

"हाव, दिला," ती म्हणाली. आणि मग ती बाई बोलली. इतक्या वर्षांत मी तिच्या तोंडून एवढं सलग ऐकलं नव्हतं. "तो मला आई म्हणणार न्हाई, नको म्हणू दे. त्याला पुलावरून घरी तर जाऊ दे. ह्यांचं काय व्हायचं ते होऊन गेलं. मेलेल्याला राखत बसू आणि जिता घालवू का मी? घरासाठी न्हाई चालले भाऊ. घर गेलं असतं तरी मी तुमच्या पडवीत झोपले असते."

मी घरात गेलो आणि कुदळ काढली. नागुबाईनं बघितलं. मी हे काम कुणाच्या नजरेनं करणार नव्हतो. मित्रासाठी केलं, ते वेगळं. हे कायद्यात बसत नाही, मला माहीत आहे. ज्याला माझ्यावर खटला भरायचा असेल त्यानं खुशाल भरावा.

भर दुपारी स्मशानभूमीत गेलो. त्या उन्हात तिकडं कुणी फिरकत नाही. भुजंगला फाटकाशी उभा केला. माती अजून बसली नव्हती, कुदळ सहज शिरत होती. मी उजव्या अंगानं खोदत गेलो. काळी पडलेली बेलाची पानं लागली तसा थांबलो. पुढं माझा हात चालेना. एसटीच्या नोकरीत मी रस्त्यावरची अपघाताची माणसं उचलली आहेत, पण इथं मी कुदळ बाजूला ठेवली.

महादेवी म्हणाली, "तुम्ही सरका." तिनं पदर खोचला आणि खाली उतरली. खुरप्यानं मीठ बाजूला केलं, मग खुरपंही ठेवलं आणि हातानं करू लागली. मी लिंबाच्या झाडाकडं तोंड करून उभा राहिलो. मागून तिचा आवाज येत होता. ती त्याच्याशी बोलत होती, त्यांच्या घरातल्या कानडीत. "तप्पायतु री," म्हणत होती. चुकलं हो, चुकलं. पुन्हा पुन्हा तेवढंच. बऱ्याच वेळानं तो आवाज थांबला. मी वळलो तेव्हा ती कनवटीची गाठ सोडत होती. आतून एक लहानशी चांदीची बिंदली निघाली, रामलिंगच्या बारशातली, तान्ह्या मनगटाएवढी. ती तिनं खाली ठेवली, कुठं ठेवली ते मी बघितलं नाही. मग वर आली आणि आम्ही माती लोटली.

फोन कामातून गेला होता. आतलं सिम मात्र धड होतं. तिनं ते पदरानं पुसलं. घरी येऊन आंघोळी केल्या आणि मी ते माझ्या फोनमध्ये घातलं. फोन थरथरायला लागला. इतक्या दिवसांचे मेसेज एकामागून एक येत होते, कंपनीची धमकी, रिचार्ज संपत आल्याची सूचना, आणि रामलिंगच्या रोजच्या फोनची नोंद, एकही संध्याकाळ न चुकता. बँकेचं ॲप सुरू केलं. पिन सिद्रामनं बायकोला सांगून ठेवला होता, पोराच्या जन्माचं साल. मी बटणं दाखवत गेलो, पण दाबली तिनं. सिद्रामसारखीच ओठ हलवत. पैसे गेले. थोड्या वेळानं कंपनीचा मेसेज आला, रक्कम मिळाली, कर्ज बंद. तिनं फोन कपाळाला लावला आणि पहिल्यांदाच मोठ्यानं रडली. मुदतीचा तो शेवटून दुसरा दिवस होता. नागुबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत बसली. मी बाहेर पडवीत येऊन बसलो. मला वाटलं, सुटलो.

पोराला काय सांगायचं तेही मी ठरवलं होतं. बँकेतल्या मुलीनं मदत केली असं सांगायचं. तो लांब आहे, कुठून खातरजमा करणार?

नागुबाईनं चहा आणला. चहाची वेळ झाली होती. आणि ते सिम काढून ठेवायचं तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं.

फोन वाजला. परदेशाचा लांबलचक नंबर. मला क्षणभर वाटलं तो मलाच करतोय. मग लक्षात आलं, हे सिम माझं नाही. तो रोजच्यासारखा बापाला फोन लावत होता, आणि आज तिथं ती बाई बोलली नव्हती. आज रिंग जात होती.

मी बंद करायला हात पुढं केला. महादेवीनं माझा हात धरला. "त्याला ऐकू जाऊन राह्यलं," म्हणाली. बरोबर होतं. तोडला तरी त्याला कळणार, वाजू दिला तरी कळणार. पण कळण्याच्या आधीच्या त्या थोड्या वेळात तो तिथं काय समजत असेल, हे आम्हा तिघांनाही कळत होतं. नागुबाईनं तोंडाला पदर लावला.

महादेवीनं फोन उचलला आणि कानाला लावला.  गल्लीत सगळं शांत होतं, त्यामुळे पलीकडचं मला ऐकू आलं. आधी नुसता श्वास. मग तो म्हणाला, अगदी हळू, शाळेतून आलेल्या पोरासारखा, "अप्पा?"

तिनं डोळे मिटले. "अव्वा हाय रे," म्हणाली.

 मग त्यानं विचारलं, "त्यांच्या हातात न्हाई?"

"न्हाई," ती म्हणाली.

फोन बंद झाला.

ह्याला आता बरेच महिने झाले. घराचे कागद लातूरहून आले, माझ्याच कपाटात आहेत. रामलिंगला पुन्हा ऑफिसातली नोकरी लागली, मित्रांचे पैसे फेडून राहिलाय. त्याचा परवानाही झाला. दर रविवारी तो माझ्या नंबरला फोन करतो. विचारतो, अव्वा कशी हाय. मी सांगतो, बरी हाय. देऊ का, विचारलं तर म्हणतो, नको काका. एकदा मी रागावून त्याला बिंदलीचं सगळं सांगितलं, तिनं काय काढलं आणि काय ठेवलं ते.  तो म्हणाला, बाहेर जायचंय काका, उशीर होतोय.

महादेवीनं सिद्रामचा जुना बटणांचा फोन शोधून काढला आणि ते सिम त्यात घातलं. रोज सकाळी चार्ज करते. संध्याकाळी चहाच्या वेळेला तो उजव्या हातात धरून पडवीत बसते. दर महिन्याला त्याचा रिचार्ज मी मारतो. अजून एकदाही तो वाजलेला नाही.